संकेतस्थळावरील जाहिरातींचे उत्पन्न : वाढवावे कसे, राखावे कसे?



नागपूरहून मनीषनगरमार्गे बेसा गावाकडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ले-आऊट, सदनिका आणि दुकाने यांचे मोठमोठे फलक दिसतात. चौकालगत ज्याची जमीन आहे, त्याला फलकाचे भाडे मिळते. चार धुरे आत असलेल्या शेतात मात्र तोच फलक कोणी फुकटातही लावीत नाही. जमीन दोन्हीकडे काळीच. फरक आहे तो रस्त्याने किती माणसे जातात आणि ती कोण आहेत, यात.

संकेतस्थळावरील जाहिरातींचेही असेच आहे. आज अनेक बागायतदारांची शिकलेली मुले-मुली संत्रा, कपाशी, हळद, दुग्धव्यवसाय अशा विषयांवर मराठीत संकेतस्थळे चालवितात. मजकूर चांगला असतो, मेहनतही असते. परंतु वर्ष लोटले तरी हाती काही पडत नाही. मग कोणी महागडे प्रशिक्षण विकत घेतो, तर कोणी पान जाहिरातींनी भरून टाकतो. दोन्ही मार्ग बहुधा नुकसानीचे ठरतात. हे उत्पन्न कोणत्या घटकांवर अवलंबून असते, ते वाढविण्यासाठी काय करावे आणि कशाला हात लावू नये, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

जाहिरात येते कशी?

लहान संकेतस्थळांवर सर्वाधिक वापर गूगल कंपनीच्या ॲडसेन्स या सेवेचा होतो. ती २००३ मध्ये सुरू झाली. भारतीय भाषांपैकी हिंदीला तिची मान्यता २०१४ मध्ये मिळाली. आज मराठी मजकुरालाही ती चालते. वाचकाने पान उघडले की त्यावरील मोकळ्या जागेसाठी जाहिरातदारांची बोली लागते आणि क्षणार्धात सौदा होतो. कळमना बाजारात संत्र्याच्या ढिगाभोवती व्यापारी जमून बोली लावतात, तसाच हा लिलाव समजावा. व्यापारी अधिक तर भाव चढा. एकच व्यापारी असेल तर तो म्हणेल तो भाव.

गूगलच्याच जाहिरात सेवेतून आलेल्या जाहिरातदाराने १०० रुपये खर्च केल्यास संकेतस्थळाच्या मालकास सरासरी ६८ रुपयांच्या आसपास मिळतात. पूर्वी मुख्यतः जाहिरातीवर बोट दाबले गेले तरच पैसे मिळत. २०२४ पासून जाहिरात किती वेळा दिसली, यावर हिशेब होतो.

उत्पन्नाचे तीन घटक

कपाशीचे उत्पादन काढताना आपण हेक्टरी झाडांची संख्या, प्रति झाड बोंडे आणि बोंडाचे वजन यांचा गुणाकार करतो. जाहिरातींच्या उत्पन्नाचेही तीन घटक आहेत :

१) महिन्यात किती पाने उघडली गेली;
२) प्रत्येक पानावर किती जाहिराती खरोखर वाचकाच्या नजरेस पडल्या;
३) त्या जाहिरातींना काय दर मिळाला.

उदाहरणादाखल, हिशेबापुरते समजा की महिन्यात २०,००० पाने उघडली गेली आणि दुसरा व तिसरा घटक मिळून दर हजार पानांमागे ३० रुपये पडले. महिन्याचे ६०० रुपये झाले. पाने ३०,००० झाली आणि हजारी ४० रुपये पडले, तर १,२०० रुपये होतील. म्हणजे कोणत्याही एका घटकात चमत्कार न होता, दोन घटकांत माफक सुधारणा करून उत्पन्न दुप्पट झाले. मात्र खात्यात १०० डॉलर, म्हणजे आठ हजार रुपयांहून अधिक, जमल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत. पहिल्या हिशेबाने त्याला वर्षापेक्षा अधिक काळ लागेल. म्हणून हे उत्पन्न जोडधंद्याचे मानावे. त्याच्या भरवशावर कर्ज काढू नये किंवा बाग मोडू नये.

वाचक वाढविण्यासाठी

१) मजकूर युनिकोड अक्षरांतच टंकलिखित करावा. जुन्या फॉन्टमधील किंवा छायाचित्राच्या रूपात टाकलेला मजकूर शोधयंत्रास नीट वाचता येत नाही; असा लेख कितीही चांगला असला तरी शोधणाऱ्यास सापडत नाही.

२) लेखाचे शीर्षक शेतकरी ज्या शब्दांनी विचारतात त्या शब्दांत द्यावे. ‘लिंबूवर्गीय फळपिकांतील शरीरक्रियात्मक विकृती’ यापेक्षा ‘संत्र्याची फळगळ : कारणे व उपाय’ हे शीर्षक उपयोगी. लोक कोणते शब्द वापरून आपल्या पानावर आले, हे गूगलच्या सर्च कन्सोल या मोफत साधनात पाहता येते.

३) लेख हंगामापूर्वी तयार ठेवावा. अंबिया बहाराचा ताण डिसेंबरमध्ये सुरू होतो. त्यावरील लेख ऑक्टोबरअखेर संकेतस्थळावर असावा. गुलाबी बोंडअळीच्या कामगंध सापळ्यांची माहिती पेरणीच्या सुमारासच द्यावी. दरवर्षी नवा लेख लिहिण्यापेक्षा जुनाच लेख नव्या शिफारशींप्रमाणे सुधारून त्याच पत्त्यावर ठेवणे अधिक लाभदायक ठरते.

४) मोबाईलवर काढलेले छायाचित्र चार-पाच मेगाबाईटचे असते. ते लहान करून शंभर-दोनशे किलोबाईटपर्यंत आणावे. शेतात उभे राहून पान उघडणारा शेतकरी ते उघडण्याची फार वेळ वाट पाहत नाही.

५) एका लेखातून संबंधित दुसऱ्या लेखाकडे दुवा द्यावा. डिंक्या रोगावर वाचणाऱ्यास बोर्डो पेस्ट तयार करण्याची कृती तेथेच सापडली, तर एका वाचकाची दोन पाने होतात.

ऑगस्ट २०२४ पासून भारतातही गूगलच्या शोधात काही प्रश्नांना कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले उत्तर वरच दिसते. साध्या प्रश्नांचे वाचक त्यामुळे आत येत नाहीत. त्यावर उपाय असा, की आपल्या बागेतील नोंदी, खर्चाचे हिशेब, स्वतः काढलेली छायाचित्रे असा इतरत्र न मिळणारा मजकूर द्यावा आणि व्हॉट्सॲप गटाद्वारे वाचकांशी थेट संबंध ठेवावा.

दाट लागवड नको

झाडे दुप्पट लावली म्हणून उत्पादन दुप्पट होत नाही. सूर्यप्रकाश कमी पडतो आणि रोग वाढतात. गूगलने एका पानावर तीनच जाहिरातींचे बंधन २०१६ मध्ये काढले, तरी मजकुरापेक्षा जाहिराती अधिक नसाव्यात हा नियम कायम आहे. मोबाईलवर जाहिरातींनी मजकुराच्या उंचीच्या ३० टक्क्यांहून अधिक जागा व्यापल्यास ते वाचकांना त्रासदायक ठरते, असे जाहिरात क्षेत्राच्याच आंतरराष्ट्रीय मानकात म्हटले आहे.

सर्वसाधारणपणे पहिल्या परिच्छेदानंतर एक, लेखाच्या मध्यावर एक आणि शेवटी एक, अशी मांडणी करून महिनाभर निरीक्षण करावे. नंतर एकाच वेळी एकच बदल करावा. खताच्या प्रयोगात आपण पाणी, वाण आणि खत एकदम बदलत नाही, तसेच येथेही. जाहिरातीसाठी जागा आधीच राखून ठेवावी. नाहीतर जाहिरात उशिरा उतरते, मजकूर एकदम खाली सरकतो आणि वाचकाचे बोट भलतीकडे पडते.

दर कशाने वाढतो?

दर विषयावर, वाचक कोठे आहे यावर आणि हंगामावर ठरतो. दिवाळीच्या सुमारास, ऑक्टोबर ते डिसेंबर, जाहिरातदारांचा खर्च वाढतो. जानेवारीत तो उतरतो. जानेवारीत उत्पन्न घटले म्हणून संकेतस्थळ मोडून नव्याने बांधण्याची घाई करू नये. ठिबक संच, ट्रॅक्टर, पीक कर्ज, शीतगृह अशा विषयांकडे जाहिरातदार अधिक असण्याची शक्यता असते. परंतु केवळ दरासाठी आपला विषय सोडून लिहू नये. त्यामुळे वाचक तुटतो.

थेट जाहिरात हा दुसरा मार्ग आहे. परिसरातील रोपवाटिका, ठिबकचे विक्रेते, माती परीक्षण केंद्र यांच्याकडून महिन्याचे ठरावीक भाडे घेता येते. यात मधला वाटा कोणाचा नसतो. काटोल, नरखेड, वरुड भागांतील पाचशेच संत्रा बागायतदार नियमित वाचत असतील, तरी स्थानिक रोपवाटिकेस ते शहरातील पाच हजार वाचकांपेक्षा मोलाचे आहेत. करार लेखी करावा.

सल्ला आणि जाहिरात यांतील धुरा

माझ्या एका माजी विद्यार्थ्याने संत्र्याच्या फळगळीवर उत्तम लेख लिहिला होता. त्याच्या मधोमध एका औषधाची जाहिरात उतरली : एकाच फवारणीत फळगळ बंद! एका बागायतदाराने ती या मुलाचीच शिफारस समजून औषध आणले, फवारले आणि फळे गळतच राहिल्यावर त्याला फोन केला. मुलाला त्या जाहिरातीतून मिळालेले पैसे काही पैशांतच मोजण्यासारखे असतील. गेला तो मात्र विश्वास.

हे प्रकरण खर्चावरच निभावले. परंतु २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरू शकत नाही. फवारणीविषयीचा चुकीचा शब्द, मग तो आपल्या लेखातील असो वा आपल्या पानावरील जाहिरातीतील, माणसाच्या जिवाशी जाऊन भिडतो. म्हणून पुढील काळजी घ्यावी :

१) ॲडसेन्स खात्यातील ‘ब्लॉकिंग कंट्रोल्स’ या सोयीतून फसव्या जाहिरातदारांचे पत्ते आणि नको असलेले प्रकार बंद करावेत. आठवड्यातून एकदा आपलेच संकेतस्थळ मोबाईलवर वाचकाच्या नजरेने पाहावे.

२) प्रत्येक जाहिरातीवर ‘जाहिरात’ असा स्पष्ट शब्द असावा. फवारणीचे प्रमाण सांगणाऱ्या तक्त्याला लागून जाहिरात ठेवू नये.

३) पैसे किंवा वस्तू घेऊन एखाद्या उत्पादनाविषयी लिहिले असल्यास तसे उघड सांगावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खालील २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते आवश्यक आहे.

४) केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीने त्या पिकासाठी नोंदणी न केलेल्या औषधाची थेट जाहिरात, कितीही भाडे मिळाले तरी, घेऊ नये.

मराठीत याचा जुना दाखला आहे. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. लोखंडी नांगर तयार करणाऱ्या कारखान्याचे ते पत्र होते. पण त्यातील मजकूर वाचण्याजोगा होता, म्हणून लोकांनी ते जवळ केले आणि पुढे त्याचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. वाचक मजकुरासाठी येतो. जाहिरात त्याच्या सोबतीने पाहिली जाते.

खात्याची निगा आणि हिशेब

स्वतःच्या पानावरील जाहिरातीवर स्वतः बोट दाबू नये आणि घरच्यांना, मित्रांनाही तसे करण्यास सांगू नये. असे प्रकार ओळखले जातात. खाते बंद होते आणि शिल्लकही जाते. उत्पन्न १० डॉलरपर्यंत पोहोचले की पत्ता पडताळणीसाठी टपालाने सांकेतिक क्रमांक येतो. तो चार महिने चालतो. त्यामुळे गावाचा पूर्ण पत्ता आणि पिनकोड अचूक द्यावा व टपाल कार्यालयात कल्पना देऊन ठेवावी.

खात्याला दुहेरी पडताळणीचे कुलूप लावावे. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील ‘आपली आजी’ ही लोकप्रिय पाककृतींची यूट्यूब वाहिनी ऑक्टोबर २०२० मध्ये भामट्यांनी बळकावली होती. ती काही दिवसांत परत मिळाली, पण प्रत्येकाला ती मिळेलच असे नाही.

जाहिरातीचे उत्पन्न शेतीच्या उत्पन्नाप्रमाणे करमुक्त नाही. ते वेगळ्या वहीत लिहावे आणि विवरणपत्रात वेगळे दाखवावे.

थोडक्यात, उपयुक्त मजकूर वेळेवर द्यावा, पान हलके ठेवावे, जाहिराती मोजक्या व उघड असाव्यात आणि दरमहा तिन्ही घटकांची नोंद ठेवावी. बेसा चौकातला फलक उद्या दुसऱ्या चौकात जाऊ शकतो. आपल्या पानावर येणारा शेतकरी मात्र आपला शब्द खरा ठरतो म्हणून येतो. तो शब्द जाहिरातीच्या भाड्यात देऊ नये.