बंधाऱ्याच्या अलीकडेच वळा

पावसाळा सरला की कोल्हापूरकडच्या नद्यांचे रूप पालटते. बंधाऱ्यांना बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, बसतात, मागे पाणी तुंबते आणि पंचगंगेच्या घाटापासून प्रयाग चिखलीच्या दिशेने संथ पाण्याचा लांब पट्टा तयार होतो. हलकी कयाक घेऊन अशा पाण्यात संध्याकाळी एकट्याने वल्हवत निघावे, असे वाटणारे लोक आता वाढू लागले आहेत. या हौसेला वेड्यात काढण्याचे कारण नाही. एकट्याने जायचे तर प्रवाहाविरुद्ध, वरच्या अंगाला जाणे हीच शहाणपणाची दिशा आहे. मात्र वाटेतला बंधारा किंवा त्याही वरचे धरण हे गाठायचे ठिकाण नव्हे. तेथून बऱ्याच अलीकडे परत फिरायचे असते.

दिशेचे गणित साधे आहे. संथ पाण्यात तासाला 5 किलोमीटर जाणारा माणूस तासाला 2 किलोमीटर वेगाच्या प्रवाहाविरुद्ध 3 किलोमीटर जातो आणि प्रवाहाबरोबर 7. सहा किलोमीटर वर जायला त्याला दोन तास लागतात, परतायला तासाहून कमी. हाच माणूस आधी खाली गेला, तर दमलेल्या हातांनी आणि मावळत्या उजेडात त्याला दोन तासांची चढाई करावी लागते. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि आपल्याकडे संधिप्रकाश फार वेळ टिकत नाही. तुंबलेल्या पाण्याला ओढच नाही, मग वर काय आणि खाली काय, असे कोणी म्हणेल. पण वरून पाणी सुटले की ओढ निर्माण होते, आणि त्या वेळी वर गेलेल्याला घराकडची वाट सोपी होते, तर खाली गेलेल्याची वाट अडते.

हे पाणी सुटण्याचे प्रकरण नीट समजून घ्यायला हवे, कारण धरणे असलेल्या नदीची चाल आभाळाकडे बघून कळत नाही. पंचगंगेला येऊन मिळणाऱ्या भोगावतीवर राजर्षी शाहू महाराजांनी सुरू केलेले राधानगरी धरण आहे. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे ठरावीक पातळी गाठली की आपोआप उघडतात. एका दरवाजातून 1,428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे 40 हजार लिटर पाणी बाहेर पडते. हे पावसाळ्यातले झाले, हिवाळ्यात भीती कसली, हा आक्षेप डिसेंबर 2021 मध्येच निकालात निघाला. दुरुस्तीचे काम चालू असताना धरणाचा दरवाजा अचानक उघडला आणि कोरड्या ऋतूत भोगावतीत मोठा विसर्ग झाला. अशी घटना विरळाच; पण शेतीसाठी सोडलेली आवर्तने नेहमीची असतात आणि त्यांनीही पाण्याची पातळी व वेग बदलतो.

बंधारा धरणाएवढा उंच नसतो, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. प्रत्यक्षात वल्हवणाऱ्याला जास्त फसवतो तो हाच. भिंतीवरून पडणारे पाणी तळाशी बुडी मारते आणि पृष्ठभागावरचे पाणी उलटे भिंतीकडे वाहू लागते. खालच्या बाजूने जवळ गेलेली होडी त्यामुळे भिंतीकडे ओढली जाते आणि तिथेच घुसळत राहते. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने माणूस नीट तरंगत नाही, वल्हेही पाण्याला धरत नाही. पट्टीच्या पोहणाऱ्याचे कौशल्य इथे फारसे उपयोगी पडत नाही, आणि वाचवायला उडी घेणाराही त्याच घुसळणीत सापडतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात आणखी एक धोका असतो. काही बर्गे काढलेले असतील तर खांबांमधल्या फटींतून पाणी जोरात धावते. वरच्या बाजूने आलेली होडी दोन खांबांना आडवी चिकटली, तर पाण्याचा दाब तिला तिथेच जखडून ठेवतो.

मग सरळ बंदीच का घालू नये? कारण बंदी कागदावर राहते. या नद्यांत लोक पोहतात, म्हशी धुतात, मासे धरतात. पुराच्या वेळी गुऱ्हाळाची काहिल होडीसारखी वापरून माणसे पैलतीर गाठतात. पाण्याशी इतका रोजचा संबंध असलेल्या समाजाला नदीपासून तोडण्यापेक्षा नदीची माहिती देणे जास्त परिणामकारक आहे. एकट्याने जाणाऱ्याने लाइफ जॅकेट आणि दिवा बाळगावा, परतीची वेळ घरी सांगून ठेवावी, सूर्यास्ताआधीच वळावे, आणि पडत्या पाण्याचा आवाज येताच पुढे जाऊ नये. वरच्या बाजूने बंधाऱ्याकडे येताना मात्र आवाजावर विसंबू नये. होडीतून भिंतीची कड दिसतही नाही. उपसा पंपांचे पाइप काठाजवळ असतात, त्यांपासून अंतर राखावे.

उरलेले काम शासनाचे आहे. पावसाळ्यात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी जिल्हाभर पोहोचते. 39 फुटांवर इशारा आणि 43 फुटांवर धोका, हे शाळकरी मुलालाही पाठ असते. विसर्गाची आणि आवर्तनाची वेळ तितक्याच ठळकपणे वर्षभर घाटावर लावावी, आणि प्रत्येक बंधाऱ्याच्या दोन्ही अंगांना, दुरून वाचता येईल असा, 'इथून परत फिरा' हा फलक उभारावा.