हाताने भरवलेल्या पिल्लाची अन्नाची पिशवी रिकामी होत नाही? हे वाचा

कॉकेटील, लव्हबर्ड किंवा बजरीगरचे लहान पिल्लू घरी आणून सिरिंजने भरवण्याची पद्धत आता सर्रास दिसते. या पिल्लांमध्ये सर्वाधिक आढळणारी पचनाची तक्रार म्हणजे क्रॉप तुंबणे. वेळीच लक्ष दिले नाही, तर लहान पिल्लू एक-दोन दिवसांतही दगावू शकते.

क्रॉप म्हणजे काय?

गळ्याच्या खाली, छातीच्या वरच्या बाजूला अन्न साठवणारी एक पिशवी असते. तिला क्रॉप म्हणतात. भरवलेले अन्न आधी तिथे साठते आणि मग थोडे थोडे पोटात उतरते. पिल्लाला पिसे आलेली नसताना भरलेली पिशवी बाहेरून स्पष्ट दिसते. चोवीस तासांतून एकदा, शक्यतो पहाटेपर्यंत, ती पूर्ण रिकामी झाली पाहिजे.

ती का तुंबते?

- थंड अन्न: फॉर्म्युला साधारण ३९ ते ४१ अंश सेल्सिअस हवा. थंड अन्नाने पिशवीची हालचाल मंदावते.
- पिल्लाला ऊब नसणे: पिसे नसलेले पिल्लू स्वतःचे तापमान राखू शकत नाही. पंख्याखाली ठेवलेल्या पिल्लाचे पचन थांबते.
- चुकीचे प्रमाण: फार घट्ट अन्न पुढे सरकत नाही. फार पातळ अन्नातून पोषण मिळत नाही. एका वेळी पिल्लाच्या वजनाच्या साधारण १० टक्क्यांपर्यंतच भरवावे. ५० ग्रॅमच्या पिल्लाला सुमारे ५ मिलि.
- आधीचे अन्न उतरण्यापूर्वी पुन्हा भरवणे: जुने अन्न आंबते आणि त्यात जिवाणू व कॅन्डिडा नावाची बुरशी वाढते.
- अस्वच्छता: न धुतलेली सिरिंज, सकाळी कालवून संध्याकाळी वापरलेले अन्न.
- गाईचे दूध: पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही. दूध-बिस्किट देऊ नका.

भाजण्याचा धोका

अन्न फार गरम असेल तर पिशवी आतून भाजते. मायक्रोवेव्हमध्ये अन्न सगळीकडे सारखे तापत नाही, म्हणून बोटाच्या अंदाजावर न जाता नीट ढवळून थर्मामीटरने तापमान पाहा. भाजल्याची खूण काही दिवसांनीही दिसू शकते: त्वचेवर काळसर डाग, नंतर छिद्र आणि त्यातून अन्न गळणे. अशा वेळी शस्त्रक्रिया लागते.

लगेच डॉक्टरांकडे कधी न्यावे?

- सकाळीही पिशवी भरलेली किंवा कणकेसारखी लागते
- तोंडाला आंबट वास येतो किंवा अन्न उलटून बाहेर येते
- पिल्लू तोंड उघडून मागत नाही, सुस्त पडते
- विष्ठा कमी किंवा बंद झाली आहे
- त्वचा लालसर, सुरकुतलेली दिसते
- सकाळचे वजन आदल्या दिवसापेक्षा कमी भरते
- श्वास घेताना आवाज येतो

पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांकडेच न्या. जाताना पिल्लू खोक्यात, कापडात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीजवळ ठेवा. फॉर्म्युलाचे पाकीट सोबत घ्या.

डॉक्टर काय करतात?

पिल्लाला ऊब आणि द्रव दिले जाते. आंबलेले अन्न नळीने बाहेर काढतात. नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून बुरशी आहे की जिवाणू, त्यानुसार औषध ठरवतात. नंतर पातळ अन्न थोडे थोडे सुरू होते.

घरी हे करू नका

- पिल्लाला उलटे धरून पिशवी दाबू नका. अन्न श्वासनलिकेत जाऊन पिल्लू गुदमरू शकते.
- भरलेल्या पिशवीत आणखी अन्न घालू नका.
- घरातली माणसांची अँटिबायोटिक देऊ नका. त्याने उपयोगी जिवाणू मरतात आणि बुरशी आणखी वाढू शकते.

तुमची काळजी

पक्ष्याच्या विष्ठेतून सिटॅकोसिस आणि साल्मोनेला यांसारखे आजार माणसालाही होऊ शकतात. पिल्लाला हाताळल्यावर साबणाने हात धुवा आणि वाळलेली विष्ठा ओली करूनच पुसा. घरात ताप, कोरडा खोकला किंवा दम लागण्याची तक्रार सुरू झाली, तर आपल्या डॉक्टरांना घरी पक्षी असल्याचे आवर्जून सांगा.

रोज सकाळी भरवण्याआधी पिल्लाचे वजन करून वहीत लिहा आणि पिशवी रिकामी झाली का, ते पाहा. बहुतेक वेळा बिघाड इथेच आधी लक्षात येतो.