काशीचे पहिले दर्शन
मराठी जोडप्यांच्या यात्रेतली वाराणसी

काशीला पहिल्यांदा जोडीने आलेल्या मराठी माणसांना शहराची ओळख होते ती बहुधा गोदौलियाच्या चौकात. स्थानकावरून निघालेली ई-रिक्षा इथे, गर्दी असेल तर याच्याही अलीकडे सोडते आणि पुढची वाट पायी तुडवावी लागते. भोंगे, सायकलरिक्षा, मधेच उभी राहिलेली गाय, फुलांच्या परड्या, दर्शन लवकर करून देतो म्हणून मागे लागणारे लोक. घरी ऐकलेली काशी आणि समोरची काशी यांचा मेळ त्या पहिल्या तासात लागत नाही. पुष्कळ जोडपी रांगेत उभी राहून विश्वनाथाचे दर्शन घेतात, संध्याकाळी दशाश्वमेधावर गंगेची आरती पाहतात आणि दुसऱ्या दिवशी गयेची गाडी धरतात. त्यांच्या मनात राहते ती गर्दीच.

या शहराचा दर्शनी भाग रस्त्याकडे नाही, नदीकडे आहे. काशीजवळ गंगा उत्तरेकडे वळते आणि सारे शहर तिच्या पश्चिम काठावर उभे आहे. समोरचा पूर्वेचा काठ जवळपास मोकळा, वाळूचा. त्यामुळे सूर्य उगवला की त्याचे पहिले ऊन थेट घाटांच्या पायऱ्यांवर आणि वाड्यांच्या भिंतींवर पडते. संध्याकाळी हेच घाट सावलीत जातात. अस्सीपासून राजघाटाच्या बाजूला सुमारे सहा-सात किलोमीटरच्या काठावर चौऱ्याऐंशी घाट मोजले जातात. पहाटे अस्सीला नाव ठरवून प्रवाहाबरोबर उत्तरेकडे जाणे, हीच काशीची खरी पहिली भेट.

मराठी जोडप्याला या फेरीत पावलोपावली ओळखीची नावे भेटतात. अस्सीच्या जवळच भदैनी मोहल्ला आहे. पेशवाई संपल्यावर दुसऱ्या बाजीरावाचे भाऊ चिमाजीअप्पा काशीत राहायला आले. मोरोपंत तांबे त्यांच्या पदरी होते. त्यांची मुलगी मनू, म्हणजे मणिकर्णिका, इथेच जन्मली. पुढे ती झाशीची राणी लक्ष्मीबाई झाली. तिचे स्मारक भदैनीत आहे. नाव पुढे सरकते तसा राजघाटाशी नावाचा घोटाळा होणारा राजाघाट लागतो. तो अमृतराव पेशव्यांशी जोडलेला आहे. काही घाटांनंतरचा मुन्शी घाट नागपूर राज्याचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांच्या नावाचा. त्याला लागूनच अहिल्याबाई घाट. दशाश्वमेधाचा पक्का घाट अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांधला गेला आणि पुढे अहिल्याबाईंनीही त्यात भर घातली.

मणिकर्णिका घाटावर रात्रंदिवस चिता जळत असतात. पहिल्यांदा येणाऱ्यांपैकी कित्येकजण इथे तोंड फिरवतात, कित्येकांना तिथून हलवत नाही. काशीत मरणाला आडोसा नाही, ते घाटावरच्या रोजच्या व्यवहारात मिसळलेले आहे. नावेतल्यांनी इथे छायाचित्रे काढू नयेत. चितेशेजारी कोणाचे तरी घरचे लोक उभे असतात.

मणिकर्णिकेला लागून शिंदे घाट. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी तो 1830 च्या सुमारास बांधवला. बांधकामाच्या भाराने काठ खचला आणि घाट पुढे पुन्हा उभारावा लागला. त्याच्या पायथ्याशी एका बाजूला कललेले, वर्षातला बराच काळ गाभारा पाण्यात असलेले रत्नेश्वर महादेवाचे देऊळ आहे. त्यापुढे नागपूरकर भोसल्यांचा उंच दगडी भोसले घाट. पंचगंगा घाटावर औरंगजेबाच्या काळातली आलमगीर मशीद आहे. पूर्वी तिथे बिंदुमाधवाचे मोठे मंदिर होते. आजचे बिंदुमाधव जवळच्या एका साध्या घरवजा वास्तूत आहे आणि ते औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधल्याचे सांगतात. कार्तिकी पौर्णिमेच्या देवदिवाळीला याच घाटावरचा दगडी दीपस्तंभ पेटतो.

विश्वनाथाच्या देवळाची कथाही महाराष्ट्राशी बांधलेली आहे. सोळाव्या शतकात पैठणचे रामेश्वरभट्ट काशीत येऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांनी 1585 च्या सुमारास तोडरमलाच्या मदतीने विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभे केले. 1669 मध्ये औरंगजेबाच्या हुकमाने ते पाडले गेले. आजचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी 1780 मध्ये बांधले. त्याच्या शिखरासाठी सोने पुढे महाराजा रणजितसिंहांनी दिले. डिसेंबर 2021 मध्ये मंदिरापासून नदीपर्यंतचा मोकळा परिसर खुला झाला आणि आता ललिता घाटाकडून थेट देवळात जाता येते. अरुंद गल्ल्यांतून वाट काढत देवळापाशी पोचण्याचा जुना अनुभव यामुळे पुष्कळसा संपला. वयस्क यात्रेकरूंची मात्र मोठी सोय झाली, हेही खरे.

प्रयाग, काशी, गया अशी त्रिस्थळी यात्रा जोडीने करायची मराठी घरांतली जुनी रीत आहे. प्रयागला संगमावर बायकोच्या वेणीचे टोक नवऱ्याने कापायचे, म्हणजे वेणीदान. काशीत गंगापूजन, विश्वनाथ, अन्नपूर्णा, काळभैरव. एखादे आवडते फळ किंवा भाजी इथे कायमची सोडायची. घरी परतल्यावर मावंदे. या तिन्ही क्षेत्रांचे विधी ‘त्रिस्थलीसेतु’ या ग्रंथात नारायणभट्टांनीच बांधून दिले. त्यांचे नातू कमलाकरभट्ट यांनी 1612 मध्ये लिहिलेला ‘निर्णयसिंधु’ व्रतवैकल्यांच्या निर्णयासाठी महाराष्ट्रात आजही उघडला जातो. 1674 साली रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्यातले. आणि एकनाथांचे भागवत 1573 मध्ये पूर्ण झाले ते याच शहरात. घाटांवरच्या दगडाइतकाच हा विद्येचा वारसा मोठा आहे, पण यात्रेकरूंना तो कोणी दाखवत नाही.

तो शोधायचा तर पंचगंगेपुढे दुर्गाघाट आणि ब्रह्माघाटाला उतरावे. या गल्ल्यांत मराठी घरे पिढ्यान् पिढ्या आहेत. त्यांची मराठी हिंदीच्या वळणाने जाते, पण सणवार आणि गणेशोत्सव मराठीच राहिले आहेत. ‘आज’ या हिंदी दैनिकाचे थोर संपादक बाबूराव विष्णू पराडकर 1883 मध्ये काशीतच जन्मले. हिंदी पत्रकारितेची भाषा घडवणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते आणि त्यांच्या नावाचे स्मृतिभवन शहरात आहे.

खाण्याच्या बाबतीत काशी पहिल्या सकाळीच आपलेसे करते. कचोरी-भाजी आणि गरम जिलेबी ही इथली न्याहारी, मातीच्या कुल्हडातली लस्सी दुपारची. दुधाच्या फेसाची मलइयो फक्त थंडीत मिळते आणि ऊन चढायच्या आत संपते. हातात अर्धा दिवस उरलाच तर दहा किलोमीटरवरचे सारनाथ पाहावे; बुद्धांचा पहिला उपदेश तिथे झाला. अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष तिथल्याच संग्रहालयात आहे.

मुंबईहून महानगरी आणि कामायनी, पुण्याहून ज्ञानगंगा एक्स्प्रेस काशीला जातात. ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला, मात्र डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या रखडतात. पावसाळ्यात गंगा चढली की घाट बुडतात, नावा बंद होतात आणि आरती वरच्या गच्चीवर हलवतात. एका मुक्कामात काशी होत नाही. निदान दोन रात्री राहावे, त्यातली एक पहाट नावेसाठी आणि एक सकाळ ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांसाठी राखून ठेवावी.