जलमग्न गुहेंतील फिरता श्वास

सेव्हर्न नदीखालून इंग्लंड व वेल्स यांना जोडणारा आगगाडीचा बोगदा खणण्याचें काम चालू असतां १८७९ सालीं एक प्रचंड झरा फुटला व सर्व काम पाण्याखालीं गेलें. पाणी उपसावयाचें तर सुमारें हजार फूट आंत असलेला लोखंडी दरवाजा लावणें अवश्य होतें. अलेक्झांडर लँबर्ट हा पाणबुड्या वरून हवा पुरविणारी नळी घेऊन आंत शिरला. पण ती अडकल्यामुळें त्यास परतावें लागलें. तेव्हां हेन्री फ्ल्यूस यानें १८७८ सालीं तयार केलेलें एक विलक्षण यंत्र मागविण्यांत आलें. त्यास नळीच नव्हती. दाबून भरलेला प्राणवायु व उच्छ्वास शुद्ध करणारा दाहक क्षार एवढीच त्याची सामग्री. तें लावून १८८० सालीं लँबर्ट काळोखांत चांचपडत गेला आणि दरवाजा लावून आला.

त्या यंत्राचें वंशज आज ‘रिब्रीदर’ या नांवानें ओळखलें जातें. आपण घेतों त्या हवेंत शेंकडा २१ भाग प्राणवायु असतो, व सोडतों तींतही १६-१७ भाग शिल्लक राहतो. साध्या टाकीवर बुडी मारणारा तो बुडबुड्यांवाटें फुकट दवडतो. शिवाय ३० मीटर खोलीवर दाब चौपट असल्यामुळें टाकीही चौपट वेगानें रिकामी होते. रिब्रीदर उच्छ्वास बाहेर जाऊंच देत नाहीं. सोडा-लाइमच्या दाण्यांतून तो फिरवून त्यांतील कर्बाम्ल वायु काढून घेतो, आणि देहानें खर्चिला तेवढाच प्राणवायु नवा घालतो. गुहेंत आणखी एक लाभ असा कीं, बुडबुडे छताला लागून गाळ खालीं पडत नाहीं. १९८७ सालीं फ्लॉरिडांतील वकुला झऱ्यांत बिल स्टोन अशा यंत्रावर सलग २४ तास पाण्याखालीं राहिला.

मग भय कसलें? भय हें कीं, हें यंत्र बिघडतें तें मुकाट्यानें. टाकी संपत आली तर श्वास ओढणें जड जातें व मनुष्य सावध होतो. रिब्रीदरमध्यें प्राणवायु कमी पडला तर कांहींच जाणवत नाहीं. कारण गुदमरल्याची भावना मुख्यत्वें कर्बाम्ल वायूच्या संचयानें होते, आणि तो तर शोषला जात असतो. झोंप लागावी तशी शुद्ध हरपते. पाण्याखालीं याचा अर्थ काय हें सांगावयास नको. प्राणवायु अधिक झाला तर अपस्मारासारखे झटके येतात. (जे. बी. एस्. हाल्डेन यांनीं दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत असले प्रयोग स्वतःवर केले, व एका झटक्यांत त्यांच्या कण्याचे मणके चेपले. हेच हाल्डेन पुढें हिंदुस्थानांत येऊन राहिले व १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारले.) दाणे निकामी झाले तर धाप लागते आणि बुद्धि भ्रमते, ज्या बुद्धीनें मार्ग काढावयाचा तीच!

म्हणून ‘मला बरें वाटत आहे’ या भावनेवर विश्वास न ठेवणें हाच शिक्षणाचा मोठा भाग. प्राणवायु मोजणारे तीन मापक असतात. त्यांवर वारंवार नजर टाकण्याची संवय अंगीं मुरावी लागते. पाण्यांत उतरण्यापूर्वीं छापील यादी हातीं धरून एकेक भाग तपासावयाचा, मग कांहीं मिनिटें बसून मापकांकडे पाहत यंत्रांतूनच श्वास घ्यावयाचा. यादी तोंडपाठ आहे म्हणून ती पेटींत ठेवून देणारा जुना जाणताच माझ्या मतें नवशिक्यापेक्षां अधिक धोक्यांत असतो.

गुहेचे नियम त्याहून जुने. शेक एक्स्ली यानें अनेक अपघात तपासून १९७९ सालीं एक पुस्तिका प्रसिद्ध केली. उघड्या पाण्यापासून अखंड दोरी नसणें, परतीसाठीं दोन तृतीयांश हवा न राखणें व फाजील खोल जाणें, हीं कारणें त्यास पुनः पुनः आढळलीं. आजही विद्यार्थ्यास प्रथम जमिनीवरच झाडांना दोरी बांधून, डोळे मिटून तिच्या आधारें चालावयास लावतात. प्रत्येकाजवळ तीन दिवे हवेतच. रिब्रीदर असला तरी वेगळ्या टाक्या न्याव्याच लागतात; गुहेच्या अगदीं आंतल्या टोंकाला यंत्र बंद पडलें, घाबरून श्वास जलद झाला, तरी बाहेर येतां येईल इतकी हवा त्यांत हवी. काटकसरीच्या यंत्राबरोबर उधळ्या टाक्यांचें हें ओझें!

उत्तम क्रम हा कीं, गुहा साध्या टाकीवर शिकावी, रिब्रीदर उघड्या पाण्यांत शिकावा, आणि दोन्ही अंगवळणीं पडल्यावरच त्यांची गांठ घालावी. गुहेंत उतरलेल्यांपैकीं कोणींही, अगदीं कालच्या विद्यार्थ्यानेंही, अंगठा वर केला कीं सर्वांनीं तत्काळ फिरावयाचें. वडीलकीचा मान तेथें चालत नाहीं. कारण विचारावयाचें तें कांठावर आल्यावर.