पुढच्या दोन चाकांचा तिढा

वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे. त्याच्या आसऱ्याने फोर्क, शॉकअप आणि ब्रेक बनवणारे उद्योग वाढले. असेच भाग बनवणाऱ्या एन्ड्युरन्सचं मुख्यालयही वाळूजलाच. तेव्हा सस्पेन्शनच्या सुट्या भागासाठी छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला लांब जावं लागत नाही. तरीही चढावर, दगडधोंड्यांत चालवायची ट्रायल गाडी कुणी घरच्या शेडमध्ये बांधायला घेतली, तर काम अडतं ते पुढच्या चाकांपाशी. इथला हात बसलाय तो पुढच्या एकाच चाकावर. रिक्षा घ्या नाहीतर मोटरसायकल, खड्ड्यात चाक वरखाली झालं तरी त्याचं तोंड हँडल सांगेल तिकडेच. पुढे दोन चाकं आली की ही सोय गेली. म्हणून आधी मापं कागदावर पक्की करावीत आणि मगच जुन्या बाजारात जावं, असं मला वाटतं. बहुतेक जण नेमकं उलट करतात.

पहिली भानगड वळणाची. आतलं चाक लहान वर्तुळावर फिरतं, बाहेरचं मोठ्या. म्युनिकच्या लांकेन्श्पेर्गरने बग्गीसाठी काढलेला यावरचा तोडगा अ‍ॅकरमनने १८१८ मध्ये लंडनला पेटंट केला आणि नाव लागलं ते अ‍ॅकरमनचं. व्हीलबेस १४०० मिमी, दोन चाकांतलं अंतर १२०० मिमी आणि मागच्या आसाच्या मध्यापासून वळणाची त्रिज्या साडेतीन मीटर धरली, तर आतलं चाक सुमारे २६ अंश वळायला हवं, बाहेरचं १९. हा सात अंशांचा फरक मुख्यतः चाकाच्या नकलवरच्या (knuckle) स्टीअरिंग आर्मच्या तिरकेपणातून मिळतो.

दुसरी भानगड लपलेली. चाक वर उचललं गेलं की सस्पेन्शनचा आर्म एका कमानीत फिरतो, टाय रॉड दुसऱ्या. कमानी जुळल्या नाहीत, तर स्टीअरिंगला हात न लावताही चाक वळतं. मारुती ८०० चा पुढचा भाग सबंध उचलून का लावू नये, असं कुणी विचारेल. उचलावा की, पण सबंध म्हणजे सबंध. प्रत्यक्षात स्टीअरिंगचा रॅक जागा मिळेल तिथे दोन-तीन सेंटिमीटर वरखाली बसतो आणि कमानींचा मेळ तिथेच बिघडतो. शिवाय ८०० चं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. निम्म्या वजनाच्या गाडीखाली त्या स्प्रिंगा पुरेशा दबत नाहीत आणि आर्म खाली झुकलेलेच राहतात.

सांगलीकडच्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून बनवलेली किकस्टार्ट जीप २०२१ मध्ये देशभर गाजली. जुगाड चालतो, याला ती पुरावा आहे, पण गावच्या रस्त्यापुरता. ट्रायलमध्ये एक चाक दगडावर असतं, दुसरं हवेत. यावरही उत्तर तयार असतं: चढावर पुढची चाकं हलकी होतात, मग स्टीअरिंगची मातब्बरी ती काय? ट्रॅक्टरसारखा मागच्या एका चाकाला ब्रेक लावून गाडी वळवता येतेच. खरं आहे, ट्रायल गाड्यांत तसे सुटे ब्रेक असतातही. पण हवेत लटकलेलं चाक तिरकं होऊन जमिनीवर टेकलं, तर गाडी भलतीकडे ओढली जाते, आणि त्या वेळी ब्रेकवर पाय नेमका असेलच असं नाही.

तपासायला यंत्र लागत नाही. गाडी ठोकळ्यांवर घ्यावी, स्प्रिंग काढावी, स्टीअरिंग बांधून टाकावं. हबला सरळ लाकडी पट्टी आवळून तिच्या दोन्ही टोकांचं अंतर बाजूला ताणलेल्या दोरीपासून मोजावं. मग जॅकने चाक सेंटिमीटर-सेंटिमीटरने उचलत प्रत्येक वेळी पुन्हा मोजावं. दोन्ही अंतरांतला फरक बदलत गेला, तर रॅकचे ब्रॅकेट अजून वेल्ड करायचे नाहीत.