घरभाड्याआधी पाण्याचा हिशेब

बेंगळुरूत नोकरीसाठी येणारा माणूस घर शोधताना आधी कार्यालयापासूनचे अंतर पाहतो. वस्तुतः पहिला प्रश्न पाण्याचा असायला हवा. २००७ साली शहराभोवतीच्या नगरपरिषदा आणि ११० गावे सामावून घेऊन बृहत् बेंगळुरू महानगरपालिका स्थापन झाली. मात्र या गावांसाठीच्या कावेरी योजनेच्या पाचव्या टप्प्याचे, दररोज ७७.५ कोटी लिटर क्षमतेचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. मधल्या सतरा वर्षांत तेथे उंच इमारती उभ्या राहिल्या, त्या प्रामुख्याने कूपनलिका आणि टँकर यांच्या भरवशावर. २०२४ च्या उन्हाळ्यात कूपनलिका आटल्या, तेव्हा प्रशासनाला टँकरचे दर ठरवून द्यावे लागले.

दुसरा अडसर अनामत रकमेचा. येथे दहा महिन्यांचे भाडे आगाऊ मागण्याची रूढी आहे. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी घरांसाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवली आहे. पण राज्यांनी स्वीकारल्याशिवाय ती लागू होत नाही. एकदा एवढी रक्कम अडकली, की पाणी आटले तरी भाडेकरूला घर सहजी सोडवत नाही. बांधकाम मजुराला तर निवडीची संधीही नसते; काम तिथे त्याची पत्र्याची खोली.

पुणे महापालिकेत २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. हद्द वाढवण्याआधी जलवाहिनी पोहोचवावी, हा बेंगळुरूचा धडा महाराष्ट्रानेही गिरवायला हवा.