पोट दाबल्यावर दुखलं नाही, म्हणून पित्ताशय निरोगी ठरत नाही

‘डॉक्टरांनी पोट चांगलं दाबून बघितलं, कुठंच दुखलं नाही. म्हणजे पित्ताशयाला काही झालेलं नाही.’ नांदेड-लातूरकडे हे वाक्य सतत कानावर येतं. किनवट-मुखेडहून नांदेडला, निलंगा-अहमदपूरहून लातूरला माणूस येतो, तोवर महिनोन् महिने ॲसिडिटीच्या गोळ्या खाऊन झालेल्या असतात. सोनोग्राफीची चिठ्ठी हातात पडली की घरचेच अडवतात, ‘हात लावून काही निघालं नाही, मग हा खर्च कशाला?’ या एका समजुतीपायी लोक वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढतात, म्हणून तिचा एकदा सविस्तर समाचार घ्यायलाच हवा.

गैरसमज : तपासताना दुखलं नाही म्हणजे पित्ताशयाला सूज नाही.

वस्तुस्थिती : पित्ताशयाच्या जुनाट दाहात दोन दुखण्यांच्या मधल्या काळात पोटाची तपासणी बहुतेक वेळा नॉर्मलच असते. ताप नाही, डोळे पिवळे नाहीत, पोट मऊ, हाताला गाठ लागत नाही. फार तर उजव्या बरगडीखाली किंवा बेंबीच्या वर, मधोमध दाबल्यावर थोडं दुखतं. रक्ताचे रिपोर्टही अनेकदा नॉर्मल येतात.

गोंधळ होतो तो तीव्र दाह आणि जुनाट दाह यांत. तीव्र दाहाची प्रसिद्ध खूण शिकागोचे सर्जन जॉन मर्फी यांनी 1903 मध्ये सांगितली. डॉक्टर उजव्या बरगड्यांच्या कडेखाली बोटं रोवतात आणि म्हणतात, ‘मावशी, आता लांब श्वास घ्या.’ श्वास आत घेताना छाती आणि पोट यांच्यामधला पडदा खाली येतो, यकृत खाली सरकतं आणि त्याला खालून चिकटलेलं पित्ताशय बोटांवर येऊन टेकतं. ते सुजलेलं असेल तर अशी कळ येते की श्वास मध्येच अडकतो. डाव्या बाजूला तेच केलं तर श्वास अडकत नाही.

जुनाट दाहात ही खूण का मिळत नाही? पित्ताशयातले खडे वारंवार त्याच्या तोंडाशी अडकतात, दर वेळी आतली भिंत थोडी खरचटते, सुजते, भरून येते. असं होत होत ती जाड आणि निबर होते. शेवटी पित्ताशय सुकलेल्या खारकेसारखं आकसून यकृताखाली दडतं. मग बोटांना लागणार काय? स्विस सर्जन लुडविग कुर्व्हॉझिए यांचं 1890 मधलं निरीक्षण याच्याशीच जुळतं : कावीळ झालेल्या रुग्णाचं पित्ताशय मोठं झालेलं हाताला लागलं आणि ते दुखत नसेल, तर कारण बहुधा खडे नसतात, कारण खड्यांनी निबर झालेलं पित्ताशय सहसा फुगत नाही. असं पित्ताशय हाताला लागलं, तर पित्तनलिका दाबणारी गाठ किंवा कॅन्सर आधी शोधावा लागतो.

तरीही कुणाला हाताच्या तपासणीवरच सगळा भरवसा ठेवायचा असेल, तर ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकातला 2003 चा आढावा पाहावा. अनेक अभ्यास एकत्र तपासून त्यात निष्कर्ष काढला आहे की मर्फीच्या खुणेसह कोणत्याही एका लक्षणाच्या जोरावर तीव्र दाहसुद्धा पक्का ठरवता येत नाही आणि नाकारताही येत नाही. जिथं सूज ऐन भरात असते तिथं ही गत, तर शांत बसलेल्या जुनाट दाहात पोट दाबून निकाल कसा लागेल? वयस्कर माणसांत आणि मधुमेहींत तर तीव्र दाहही कधी कधी हाताखाली फारसा दुखत नाही.

मग निदान कशावर होतं? आधी दुखण्याच्या हकिगतीवर. लग्नाच्या पंगतीत भजी-बुंदी झाली, रविवारी मटण झालं आणि तासा-दोन तासांनी किंवा मध्यरात्री दुखणं उठलं. ते उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खड्ड्यात असतं, पाठीत उजव्या खांद्याच्या पात्याकडे जातं, मळमळतं, अर्धा तास ते काही तास टिकतं आणि थांबतं. दुसऱ्या दिवशी माणूस ठणठणीत. त्याच दिवशी तो दवाखान्यात येतो आणि ‘दुखायलं का?’ असं विचारलं की ‘काहीच नाही’ म्हणतो. तो खरंच बोलत असतो, पण त्यावरून पित्ताशय निरोगी ठरत नाही.

हकिगतीनंतर सोनोग्राफी. पित्ताशयातले खडे शंभरात पंचाण्णवांहून अधिक वेळा तिच्यात दिसतात. खड्याच्या मागं काळी सावली पडते आणि पेशंटला कुशीवर वळवलं की खडे घरंगळतात. भिंतीची जाडीही मोजता येते. सहा-आठ तास उपाशी राहायला सांगतात, कारण जेवणानंतर पित्ताशय पित्त सोडून आकसतं आणि नीट दिसत नाही. चहा-बिस्किट घेऊन जाऊ नये.

म्हणून हाताची तपासणी निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. ताप, कावीळ, लाकडासारखं कडक झालेलं पोट हे सगळं तीच सांगते. छातीच्या खड्ड्यातलं दुखणं हृदयाचंही असू शकतं हे भानही तिथंच येतं, म्हणून ईसीजी काढायला सांगितला तर कुरकुर करू नये.

आणखी काही समजुती

*खडा दिसला की ऑपरेशन हवंच.* नाही. मिशिगनमध्ये त्रास न देणारे खडे असलेल्या 123 जणांचा पाठपुरावा 1982 मध्ये प्रसिद्ध झाला. 15 वर्षांत साधारण 18 टक्क्यांनाच दुखणं सुरू झालं. त्रास देणाऱ्या खड्यांची गोष्ट वेगळी.

*ऑलिव्ह तेल, लिंबू आणि सफरचंदाच्या रसानं खडे पडतात.* शौचातून पडणाऱ्या अशा हिरव्या गोळ्या तपासल्यावर त्या तेलापासून बनलेल्या साबणासारख्या निघाल्या. ‘लॅन्सेट’नं 2005 मध्ये हे छापलं.

*पानफुटी आणि बिअरनं विरघळतात.* हे मुतखड्याचे घरगुती उपाय इकडे आणले आहेत. पित्ताशय लघवीच्या वाटेवर नाहीच.

*एक्स-रे नॉर्मल म्हणजे खडे नाहीत.* बहुतेक पित्तखडे साध्या एक्स-रेत दिसतच नाहीत.

*हा जाड बायकांचा आजार.* बायकांत जास्त, पण सडपातळ पुरुषांतही होतो.

*पित्ताशय काढलं की अन्न पचत नाही.* पित्त यकृत बनवतं. पित्ताशयात ते फक्त साठतं.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना दुखणं कधी उठलं, काय खाल्ल्यावर, किती वेळ टिकलं, कुठं गेलं, हे कागदावर लिहून न्या. कळ सहा तासांत थांबली नाही, थंडी वाजून ताप आला किंवा डोळे पिवळे झाले, तर काविळीचा झाडपाला घेत बसू नका. खडा पित्तनलिकेत अडकलेला असू शकतो. त्याच दिवशी नांदेडजवळच्या विष्णुपुरीतलं असो की लातूरचं शासकीय रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठा.